साध्या सिमेंटच्या फरशीवर नक्षी: रंग आणि स्टेन्सिल वापरून बागेतली पायवाट कशी सजवावी

रंगवलेल्या फरशीचे पापुद्रे पहिल्याच पावसाळ्यात निघायला लागले, की सगळे रंगाच्या डब्याला नावं ठेवतात. खरं कारण बहुतेक वेळा रंगाच्या खाली दडलेलं असतं: फरशीत मुरलेली ओल, वर फुललेला क्षार, नाहीतर साच्याला लावलेल्या तेलाचा न दिसणारा थर. म्हणून या लेखात नक्षीइतकाच मजकूर फरशीच्या तयारीवर आहे. नक्षी काढणं हे एका दुपारचं आनंदाचं काम आहे. ती पावसाळा झेलून टिकावी यासाठीची मेहनत मात्र त्याआधीच करावी लागते, आणि ती घरच्या घरी कुणालाही जमण्यासारखी आहे.

उदाहरण म्हणून एक फूट बाय एक फूट मापाची साधी करडी सिमेंटची फरशी घेऊ आणि तिच्यावर पारिजातकाची फुलं काढू. पारिजातक घेण्याला कारण आहे. हे फूल एरवीही झाडाखाली जमिनीवर पसरलेलंच आपण पाहतो. त्याच्या पाकळ्या सुट्या काढता येत असल्यामुळे स्टेन्सिल, म्हणजे नक्षीचा आकार आरपार कापलेला पातळ छापा, कापणं सोपं जातं. आणि पांढरा व केशरी एवढ्या दोनच रंगांत ते लांबूनही ओळखू येतं.

कोणती फरशी घ्यावी

बिल्डिंग मटेरिअलच्या दुकानात किंवा सिमेंटचे पाइप, जाळ्या, कुंड्या बनवणाऱ्यांकडे साध्या सिमेंटच्या फरश्या मिळतात. त्यातली रंग नसलेली, चकाकी नसलेली, हाताला किंचित खरखरीत लागणारी फरशी निवडा. बारीक छिद्रं असली तरी चालतात, पण खड्डे आणि उचललेल्या कडा नकोत, कारण तिथे स्टेन्सिल टेकत नाही आणि रंग खाली पळतो.

रबर मोल्डमध्ये काढलेले चकचकीत पेव्हर ब्लॉक दिसायला छान असतात. त्यांच्यावर अनेकदा लॅकरचा, म्हणजे चकाकी देणाऱ्या पारदर्शक लेपाचा, थर असतो आणि त्यावर रंग धरत नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ती चकाकी पूर्ण घालवायची तयारी असेल तरच ते घ्या. पॉलिश केलेल्या कोट्याचंही तेच. शहाबादी फरशी रंगवता येते, पण ती चुनखडीच्या दगडाची असते, त्यामुळे पुढे येणारी व्हिनेगरची युक्ती तिच्यावर अजिबात करू नका. आम्लाने तिचा पृष्ठभाग खाल्ला जातो.

फरशी नुकतीच ओतलेली असेल तर थांबा. ताजं सिमेंट अतिशय अल्कधर्मी असतं आणि त्यात पाणीही भरपूर असतं. किमान २८ दिवस जाऊ द्या. दुकानदाराला माल कधीचा आहे ते विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर घरी आणून महिनाभर सावलीत हवेशीर ठेवून द्या.

गच्चीवर किंवा बाल्कनीत टाकायच्या असतील तर वजनाचा हिशेब आधी करा. एक फूट बाय एक फूट, एक इंच जाडीची सिमेंटची फरशी साडेपाच किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच जागेत ६० मिलीमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक बसवले तर वजन १३ किलोवर जातं. कुंड्या, ओली माती आणि माणसं वेगळी. गच्चीसाठी पातळ फरशीच घ्या आणि सोसायटीत असाल तर आधी विचारून घ्या.

दोन सोप्या चाचण्या

पहिली पाण्याची. फरशीवर चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब टाका. मिनिटाभरात थेंब मुरून तिथे गडद डाग दिसला तर फरशी रंग पिणार. थेंब मण्यासारखा तसाच उभा राहिला तर वर तेल, मेण किंवा लॅकर आहे. साच्यातून फरशी सुटावी म्हणून साच्याला तेल लावतात, त्याचा अंश राहिलेला असतो. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि ब्रश वापरून घासा, वाळवा आणि पुन्हा थेंब टाकून पाहा.

दुसरी ओलीची. संध्याकाळी फरशीवर जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून चारही बाजूंनी टेपने बंद करा. सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं किंवा त्याखालचा भाग बाकीच्यापेक्षा गडद दिसला, तर ओल अजून आत आहे. रंगाचा थर म्हणजे असाच एक पातळ पडदा. उन्हाने तापल्यावर आतली ओल वर येते, तिला वाट मिळत नाही आणि ती रंगालाच उचलते. फुगे येतात ते असे.

धुणं आणि वाळवणं

नवी फरशी असेल तर साबणाचं पाणी आणि कडक ब्रश पुरे. बागेत आधीच पडून असलेली फरशी रंगवायची असेल तर काम वाढतं. शेवाळ आधी कोरड्या ब्रशने खरवडून काढा, मग बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे ब्लीचिंग पावडर मिसळून ते पाणी फरशीवर ओता, पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. हे काम झाडांच्या मुळांपासून लांब करा.

पांढरट भुकटी किंवा पांढरे ओघळ दिसत असतील तर ते सिमेंटमधले क्षार आहेत. सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळून वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची क्रिया होते आणि पांढरा थर जमतो. नुसत्या पाण्याने तो नीट निघत नाही. आधी कोरड्या ब्रशने झाडून काढा. उरलेल्यावर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून लावा. बारीक बुडबुडे येताना दिसतील. पाच मिनिटांनी घासून दोन-तीन पाण्यांनी धुवा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ब्लीचिंग आणि व्हिनेगर एकाच दिवशी, एकाच बादलीत, एकाच फरशीवर वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे. शेवाळाचं काम एका दिवशी करा, फरशी पूर्ण धुऊन वाळू द्या, क्षाराचं काम दुसऱ्या दिवशी. ऍसिडने फरशी साफ करायचा सल्ला दुकानात मिळेल. घरात मुलं असताना बाटलीतलं ऍसिड हाताळण्याची या कामाला गरज नाही.

धुतलेल्या फरश्या जमिनीवर आडव्या वाळत घालू नका. भिंतीला टेकवून उभ्या ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना वारा लागेल. पुण्या-नाशिककडे कडक उन्हात दोन-तीन दिवस पुरतात. कोकणपट्टीत आणि मुंबईत हवाच दमट, तिथे आठवडा धरून चाला. मग प्लॅस्टिकची चाचणी परत करा.

या कामाचा हंगाम नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात करू नका, अगदी पडवीत बसूनही नको, कारण हवेतली ओल रंग वाळू देत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत करणार असाल तर सकाळी ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी करा. तापलेल्या फरशीवर रंग टेकताक्षणी वाळतो, आत मुरत नाही आणि पुढे पापुद्र्यासारखा निघतो.

रंग कोणता

बाहेरच्या भिंतींसाठीचं पाण्यात मिसळणारं ऍक्रिलिक, म्हणजे एक्स्टिरिअर इमल्शन, या कामाला चालतं. रोज पाय पडणार असेल तर फरशीसाठी म्हणून मिळणारा रंग घ्या. तो जास्त कठीण थर देतो. डिस्टेंपर, पोस्टर कलर, आतल्या भिंतींचं इमल्शन यांपैकी काहीही बाहेर टिकत नाही.

ऑइल पेंटचा मोह पुष्कळांना होतो, कारण तो लोखंडी गेटवर वर्षानुवर्षं टिकलेला आपण पाहिलेला असतो. लोखंडावर तो टिकतो, सिमेंटवर नाही. सिमेंटमधला अल्क तेलाशी क्रिया करतो आणि तेलाचा साबण होतो, अगदी साबण तयार करताना होते तीच क्रिया. थर आधी चिकट होतो आणि मग सुटतो. म्हणून सिमेंटवर ऍक्रिलिकच वापरा.

छटा निवडताना सुंदर दिसते का एवढंच पाहू नका, ती उन्हात राहील का हेही पाहा. गेरू, काव, विटकरी, तपकिरी, काळा या छटा लोहाच्या ऑक्साइडपासून होतात. त्यांना ऊन लागो की सिमेंटचा अल्क, फरक पडत नाही. हजारो वर्षांपूर्वीची गुहाचित्रं याच मातकट रंगांत आजही दिसतात. झगमगीत गुलाबी, पोपटी आणि फ्लोरोसंट रंग मात्र एका उन्हाळ्यात फिके पडतात. केशरी हवाच असेल, आणि पारिजातकाला तो हवाच, तर थोडा मातकट केशरी घ्या. डीलरला सांगा की बाहेर उन्हात वापरायचा आहे, त्याच्याकडच्या शेडकार्डावर बाहेर चालणाऱ्या छटा वेगळ्या दिलेल्या असतात.

पांढऱ्या डब्यात स्टेनर (छटा देण्यासाठी मिसळायचा दाट रंग) टाकून गडद गेरू करायचा प्रयत्न करू नका. पांढऱ्यात लाल ऑक्साइड कितीही ओतलं तरी फिका विटकरीच होतो, आणि स्टेनर जास्त झाला की रंगाची पकड जाते. गडद रंग दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनवर करून घ्या. फिक्या छटा मात्र घरी स्टेनरने बिनधास्त करा, स्वस्तात पडतात.

अनवाणी चालायची जागा असेल तर जमिनीचा रंग, म्हणजे नक्षीच्या खाली फरशीभर द्यायचा रंग, फार गडद घेऊ नका. नागपूरच्या मे महिन्यात काळ्या फरशीवर पाय ठेववत नाही. पारिजातकाची पांढरी पाकळी उठून दिसण्याइतका गडद आणि तळव्यांना सोसवेल इतका हलका, असा मधला विटकरी किंवा शेवाळी हिरवा मला सगळ्यात योग्य वाटतो.

किती लागेल? गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शनचा एक हात साधारण १०० चौरस फुटांना पुरतो. खरखरीत सिमेंट जास्त पितं आणि आपल्याला दोन हात द्यायचे आहेत, म्हणून एका लिटरात ३० ते ४० फरश्या धरा. दहा-बारा फरश्यांना जमिनीचा रंग अर्धा लिटरही भरपूर होतो. नक्षीचे रंग तर शंभर मिलीसुद्धा संपत नाहीत.

प्रायमर आणि जमिनीचा रंग

फरशी झाडून घ्या, ओलसर नव्हे तर कोरड्या फडक्याने पुसा. बाहेरच्या सिमेंटसाठीचा पाण्यातला प्रायमर डब्यावर लिहिलं आहे तितकंच पाणी घालून लावा. ब्रश आधी उभा आणि मग आडवा फिरवा, म्हणजे छिद्रांत शिरेल. वरची बाजू आणि कडांचा वरचा अर्धा भाग एवढंच रंगवायचं. खालची बाजू कोरी ठेवा. फरशीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला तेवढीच वाट उरते. सगळ्या बाजू पक्क्या बंद करण्याच्या नादात लोक ओल आत कोंडतात.

चार-सहा तासांनी जमिनीच्या रंगाचा पहिला हात द्या, तितक्याच वेळाने दुसरा. दोन्ही पातळ. रात्रभर राहू द्या. सकाळी नखाने हलकेच खरवडून पाहा, रंग निघाला नाही तर नक्षीला सुरुवात करायला हरकत नाही.

स्टेन्सिल: विकतचं की घरचं

तुळशीबागेत किंवा कुठल्याही गावच्या बाजारात रांगोळीचे छापे मिळतात. त्यातले डबीसारखे जाळीदार, रांगोळी भरून आपटायचे छापे रंगाला उपयोगाचे नाहीत, छिद्रांतून रंग उतरत नाही. सपाट प्लॅस्टिकचे, आकार आरपार कापलेले छापे मात्र उत्तम चालतात. ते पातळ असतील तर कडेने टेप लावून ताठ करून घ्या.

स्वतःचं कापायचं असेल तर ओएचपी शीट, जुनी एक्स-रे फिल्म किंवा जाड लॅमिनेशन पाऊच वापरा. पुठ्ठा दोन-तीन फरश्यांत भिजून फुगतो, त्याने सुरुवातही करू नका. कागदावर नक्षी काढा, वर शीट चिकटवा, खाली कटिंग मॅट किंवा काच ठेवा. कटरचं पातं नवं हवं. लहान आकार आधी कापा, मोठे नंतर, कारण मोठा आकार निघाला की शीट लवचीक होते. गोलाई कापताना हात एका जागी ठेवून शीट फिरवा, तुटक कडा येत नाहीत.

स्टेन्सिलचं सगळं गणित पुलांवर असतं. पूल म्हणजे दोन कापलेल्या जागांमधली न कापलेली पट्टी, जी आतल्या भागाला धरून ठेवते. खरखरीत फरशीसाठी पूल किमान चार-पाच मिलीमीटर रुंद ठेवा. नाजूक पूल रंगाच्या ओलीने वळतात आणि खालून रंग शिरतो.

देवनागरी अक्षरं कापताना हे लगेच लक्षात येतं. फाटकापाशी घराचं नाव किंवा नंबर लिहायचा असेल तर 'व' घ्या. त्याच्या पोटातला भाग सुटा आहे, सरळ कापलात तर तो गळून पडेल आणि नुसता भरीव गोळा उमटेल. पोट जिथे काण्याला टेकतं तिथे, वर आणि खाली, दोन लहान पूल ठेवा, वाचताना ते खटकत नाहीत. 'ब', 'क', 'म' यांनाही तेच. आकड्यांत शून्य, चार आणि नऊ यांच्या पोकळ्या सांभाळाव्या लागतात. शिरोरेषा सलग लांब कापू नका, प्रत्येक अक्षरानंतर तोडा, नाहीतर शीट मधूनच लोंबते.

पारिजातकासाठी दोन शीट लागतात. पहिलीवर पाकळ्या: सहा-सात पाकळ्या चक्रासारख्या किंचित कलत्या, प्रत्येकीच्या टोकाला लहानशी खाच, आणि मधोमध आठ-दहा मिलीमीटरचं वर्तुळ न कापलेलं. दोन पाकळ्यांमधल्या पट्ट्या त्या वर्तुळाला धरून ठेवतात, वेगळे पूल करावे लागत नाहीत. दुसऱ्या शीटवर फक्त ते मधलं वर्तुळ आणि एखाद-दुसऱ्या उलट्या पडलेल्या फुलाचा देठ. उलटं पडलेलं फूल आणि त्याचा केशरी देठ दिसला की ओळख पटायला वेळ लागत नाही. दोन्ही शीट एकाच मापाच्या कापा आणि दोन कोपऱ्यांत एकावर एक येतील अशा खाचा करा, म्हणजे दुसरा रंग जागेवर बसेल.

वारली आकृत्या पुष्कळांना हव्या असतात. गेरूवर पांढरा हा मेळ फरशीला शोभतोच, आणि दोन त्रिकोण टोकाला जोडून झालेलं माणसाचं अंगही स्टेन्सिलमध्ये नीट येतं. हातापायांच्या बारीक रेघा मात्र येत नाहीत. त्या नंतर शून्य नंबरच्या ब्रशने हाताने ओढा. या कलेतला लग्नचौक हा लग्नघरात, पूजेचा भाग म्हणून काढतात. तो पायाखाली घेऊ नये. तसंच लक्ष्मीची पावलं, स्वस्तिक, ॐ, गोपद्म यांची जागा उंबऱ्यापाशी आणि देवापुढे. पायवाटेला पानं, फुलं, वेली, भौमितिक आकार पुष्कळ आहेत.

आणखी एक युक्ती जुन्या मुंबईतल्या इमारतींत आणि गोव्यातल्या घरांत सिमेंटच्या नक्षीदार टाइलांमध्ये दिसते. एका टाइलवर पूर्ण फूल नसतं, कोपऱ्यात त्याचा पाव भाग असतो. चार टाइला जोडल्या की मधे फूल पूर्ण होतं. लागून बसवायच्या फरश्यांसाठी हे अतिशय सुंदर दिसतं आणि स्टेन्सिल एकच, लहानसं लागतं. यात फरशीचं माप अचूक हवं. दोन-तीन मिलीमीटरचा फरक असेल तर नक्षीची रेघ कडेपर्यंत नेऊ नका, थोडी आधी थांबवा, म्हणजे चूक डोळ्यांत भरत नाही. सुट्या, अंतराने टाकायच्या फरश्यांवर मात्र प्रत्येकीवर पूर्ण नक्षीच काढा.

छपाई

फरशीच्या कर्णांवर खडूने पुसट रेघा मारून मध्य काढा. पारिजातकाला मध्याची गरज नाही, फुलं विखुरलेलीच छान दिसतात: एका कोपऱ्यात चार-पाच दाट आणि बाकी एक-दोन लांब पडलेली. प्रत्येक फरशीवर मांडणी थोडी बदला, झाडाखाली फुलं एकसारखी पडत नाहीत.

स्टेन्सिल मास्किंग टेपने चारही बाजूंनी पक्कं करा. रंगात पाणी अजिबात घालू नका, तो घट्ट दह्यासारखा हवा. कडक केसांचा, टोकाला सपाट कापलेला गोल ब्रश किंवा स्पंजचा तुकडा घ्या. टोक रंगात बुडवा आणि लगेच जुन्या कापडावर तीन-चारदा टेकवून जवळजवळ कोरडं करा. इथे हात आखडता घ्यायचा आहे. ब्रश उभा धरून टेकवत जा, ओढू नका. ओढलात की केस स्टेन्सिलच्या कडेखाली शिरतात आणि रंग घेऊन जातात. कडेकडून आत या. पहिल्या हातात जमिनीचा रंग थोडा दिसत राहिला तर राहू द्या, दहा मिनिटांनी दुसरा हात द्या. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही स्वच्छ उमटतात.

फरशी जरा जास्तच खरखरीत असेल तर एक पायरी वाढवा. स्टेन्सिल चिकटवल्यावर आधी जमिनीच्याच रंगाने त्याच्या कडा टेकवून घ्या. कडेखाली जी फट आहे ती त्या रंगाने भरते आणि पळालेला रंग जमिनीचाच असल्यामुळे दिसत नाही. तो वाळला की वरून पांढरा द्या. रेघ धारदार येते. वेळ दुप्पट लागतो, पण अक्षरांसाठी आणि भौमितिक नक्षीसाठी मी याशिवाय पर्याय मानत नाही.

स्टेन्सिल रंग ओला असतानाच सरळ वर उचला. दोन-तीन छापांनंतर त्याची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. पांढरं पूर्ण वाळल्यावर, तासा-दोन तासांनी, दुसरं शीट खाचा जुळवून ठेवा आणि केशरी द्या. पळालेला रंग ओला असेल तर कापूस लावलेल्या काडीने टिपा, वाळला असेल तर जमिनीच्या रंगाने बारीक ब्रशने झाका.

मुलांना बरोबर घ्यायचं असेल तर या टप्प्यावर घ्या. स्पंजने टेकवायचं काम सहा-सात वर्षांची मुलं छान करतात. कटर मोठ्यांच्या हातात राहू द्या.

वरचं संरक्षण आणि घसरण

नक्षी झाल्यावर किमान एक दिवस थांबा. मग बाहेर चालणारा, पाण्यातला पारदर्शक ऍक्रिलिक कोट पातळ दोन हात द्या. मॅट घ्या. चकचकीत कोट फोटोत छान दिसतो आणि ओला झाला की पाय घसरवतो. घरात वयस्कर माणसं असतील तर हा मुद्दा रंगसंगतीपेक्षा मोठा आहे.

पायवाटेसाठी पकड वाढवायची पद्धत अशी: पारदर्शक कोटाचा पहिला हात ओला असतानाच त्यावर धुऊन, वाळवून, चाळलेली बारीक सिलिका रेती विरळ भुरभुरा. वाळल्यावर सुटे दाणे मऊ ब्रशने झाडा आणि दुसरा हात द्या. नक्षी किंचित धूसर होते, पण पाय पक्का पडतो. कुंडीखाली किंवा वाफ्याच्या कडेला ठेवायच्या फरश्यांना रेतीची गरज नाही.

मार्करने किंवा पेनने बारीक रेघा काढल्या असतील तर पारदर्शक कोट आधी वेगळ्या तुकड्यावर लावून पाहा, शाई पसरू शकते.

हात लावून रंग तासाभरात वाळलेला वाटतो. आतून पक्का व्हायला वेळ लागतो. आठवडाभर पाणी लागू देऊ नका, दोन-तीन आठवडे जड कुंडी ठेवू नका किंवा फरश्या एकमेकींवर रचू नका, नाहीतर चिकटतील.

बसवणं

कितीही चांगली रंगवलेली फरशी चिखलात बसवली तर टिकत नाही. फरशीपेक्षा थोडा मोठा, तीनएक इंच खोल खड्डा करा. तळाला दीड इंच बारीक खडी किंवा कच घाला, ठोकून घ्या, वर पाऊण इंच रेती. खडीतल्या मोकळ्या जागेमुळे जमिनीची ओल वर चढू शकत नाही आणि पावसाचं पाणीही झटकन निघून जातं. फरशी ठेवून रबरी हातोड्याने ठोका, पाणसळीने पाहा, एका बाजूला अगदी हलका उतार ठेवा. वरची कड मातीपेक्षा अर्धा इंच उंच राहिली की चिखल वर येत नाही. मोठ्या माणसाच्या पावलासाठी एका फरशीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत २२ ते २४ इंच अंतर ठेवा. आजी-आजोबा किंवा मुलं जास्त वापरणार असतील तर १८. टाकण्याआधी त्यांनाच चालून पाहायला सांगा.

गाडी जिथे वळते तिथे आणि नळाखाली रंगवलेली फरशी घालू नका. टायरच्या घासण्याने आणि सततच्या पाण्याने कुठलाही रंग हरतो.

निगा

साधा झाडू, मऊ ब्रश, पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण पुरतो. तारेचा ब्रश, ऍसिडवाले टॉयलेट क्लीनर आणि प्रेशर वॉशर लांब ठेवा. मे महिन्याच्या मध्यावर फरश्या धुऊन, नीट वाळवून पारदर्शक कोटाचा एक ताजा हात द्या. पावसाळ्यात शेवाळ दिसलं की लगेच मऊ ब्रशने काढा, ते जाड झालं की निघताना रंग घेऊन निघतं.

दसऱ्यानंतर ऊन स्थिरावलं की एकेक फरशी तपासा. नुसती झीज असेल तर तेवढ्या जागी स्टेन्सिल ठेवून पुन्हा टेकवा, म्हणून कापलेली शीट धुऊन सपाट जपून ठेवा आणि रंगाच्या बाटल्यांवर छटेचा नंबर लिहून ठेवा. पापुद्रे सुटत असतील तर त्यावरून रंग चढवू नका. फरशी उचला आणि खालची खडी तुंबली आहे का ते पाहा. सुटलेला रंग पत्रीने (पेंटरच्या पातळ लोखंडी पट्टीने) खरवडून काढा, फरशी उभी करून आठवडाभर वाळवा, प्लॅस्टिकची चाचणी घ्या आणि मगच प्रायमरपासून सुरुवात करा.